अनुदान यंत्राला नको, पेरलेल्या एकराला हवं

सोयाबीनची काढणी आणि हरभऱ्याची पेरणी यांच्यामध्ये मराठवाड्यातल्या जिरायती शेतकऱ्याच्या हाती फार तर आठवडाभर असतो. रान मोकळं झालं की ऑक्टोबरचं ऊन वरची ओल भराभर ओढून नेतं. एवढ्या वेळात रोटाव्हेटर फिरवायचा, ढेकळं फुटली नाहीत तर पुन्हा फिरवायचा आणि मग पेरायचं, असा सध्याचा रिवाज. रोटाच्या एका पाळीचे एकरी बाराशे ते दीड हजार, वर पेरणीचे आठशे-हजार. पैसे जातात ते जातातच, पण प्रत्येक पाळीगणिक वरच्या चार बोटांतली ओल उडते. ज्या ओलीवर हरभरा उगवायचा, तीच आपण भाडं मोजून घालवतो.

धसकटं उभी असतानाच, मशागत न करता थेट पेरणाऱ्या यंत्राचा सौदा म्हणूनच कागदावर बिनतोड दिसतो. सरकारलाही तो पटला आहे. कृषी यांत्रिकीकरणाच्या उपअभियानात पेरणी यंत्रांना अल्पभूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांसाठी ५० टक्के, इतरांसाठी ४० टक्के अनुदान आहे. तरीही अशी कित्येक यंत्रं दोन हंगामांनंतर गोठ्यामागे गंजत पडतात आणि त्यांचे मालक पुन्हा रोटावाल्याला फोन लावतात. दोष यंत्राच्या तत्त्वात नाही. बचत होते ती यंत्र नीट लावण्यातून, योग्य दिवशी आणि योग्य वेगानं चालवण्यातून. सरकारचा पैसा मात्र खरेदीच्या पावतीवर संपतो. तो पावतीवरून उचलून उगवलेल्या एकरावर न्यायला हवा.

आधी बचतीचा आकडा सरळ करू. विक्रेत्यांच्या पत्रकात एकरी पाच-सहा हजार वाचल्याचं छापलेलं असतं. त्यात नांगरटीचे पैसेही धरलेले असतात. पण सोयाबीननंतर हरभऱ्यासाठी नांगरट करतो कोण? बहुतेक जण रोटाच्या एक-दोन पाळ्या किंवा मोगडा आणि वखरावर भागवतात. तेव्हा रब्बीत खरी बचत एकरी दोन ते तीन हजारांची. त्यातून पेरणीपूर्व तणनाशकाचे पाच-सातशे वजा करा, कारण न हलवलेल्या रानात उगवलेलं तण पेरणीच्या वेळी आपोआप मरत नाही. ग्लायफोसेटवर भिस्त असेल, तर केंद्रानं ऑक्टोबर २०२२ च्या अधिसूचनेनं त्याची फवारणी फक्त परवानाधारक कीडनियंत्रण चालकांपुरती मर्यादित केली, हेही ध्यानात ठेवावं लागतं. हातात राहतात दीड-दोन हजार. रक्कम लहान नाही, पण फुगवलेल्या आकड्यावर विश्वास ठेवून यंत्र घेतलेला शेतकरी पहिल्याच हंगामात नाराज होतो आणि गावभर सांगत सुटतो.

दुसरी चूक यंत्राच्या निवडीत होते. थेट पेरणी म्हटलं की हल्ली पंजाबचं हॅपी सीडर आणि सुपर सीडर डोळ्यासमोर येतं. ती यंत्रं पंजाबच्या दुखण्यावरचं औषध आहेत. तिथे कम्बाइननं कापलेल्या भाताचा लांब, चिवट पेंढा रानभर पडलेला असतो आणि गहू पेरायला दोन-तीन आठवडेच असतात. लुधियानाच्या कृषी विद्यापीठात ऑस्ट्रेलियन संशोधकांच्या सहकार्यानं हॅपी सीडर घडलं ते या पेंढ्यासाठी. फणांपुढे फिरणारी पाती पेंढा कापून बाजूला सारतात आणि मागून फण पेरतो. त्याला ४५ अश्वशक्तीच्या वरचा ट्रॅक्टर लागतो. सुपर सीडरला ५५-६० तरी हवी, शिवाय तो रोटर मातीत घालतो. म्हणजे ती थेट पेरणी नव्हेच, रोटाव्हेटर आणि पेरणी एका फेरीत उरकणं आहे. रान स्वच्छ दिसतं म्हणून शेतकऱ्याला आवडतं, हा भाग वेगळा.

आपल्याकडे विळ्यानं कापून गंजी लावलेल्या सोयाबीनच्या रानात उरतं काय? बोटभर धसकटं आणि गळलेला पाला. त्यासाठी दीड लाखाचं हॅपी सीडर घेणं म्हणजे नसलेल्या आजारावर शस्त्रक्रिया. अरुंद, उलट्या टी आकाराचे सात किंवा नऊ फाळ असलेलं साधं शून्य मशागत यंत्र पुरतं. किंमत साठ ते नव्वद हजारांच्या घरात, आणि ३५-४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर ते ओढतो. या फाळाची चीर वर अरुंद आणि खाली रुंद असते. वरून माती मिटते, खाली बियाभोवती ओलसर पोकळी राहते. नव्वदच्या दशकात हरियाणात गव्हाची शून्य मशागत पसरली ती याच फाळांवर. तिथे मंडूसी हे तण आयसोप्रोट्युरॉन या तणनाशकाला दाद देईनासं झालं होतं. न ढवळलेल्या जमिनीत ते कमी उगवतं आणि लवकर पेरलेला गहू त्याच्या पुढे निघून जातो, हे दिसल्यावर शेतकरी वळले. अनुदान नव्हे, तणाची धास्ती कामाला आली.

आता आपल्याकडेही पंजाबातून येणाऱ्या हार्वेस्टरनं सोयाबीन काढण्याचं प्रमाण वाढतं आहे आणि तिथे मात्र घोटाळा होतो. हार्वेस्टरच्या मागे भुसकटाची एक जाड पट्टी पडत जाते. पट्टीवर आलं की फणांत कुटार अडकतं, गोळा होऊन पुढे ढकललं जातं आणि मागे दहा-बारा फूट रान बियाविना राहतं. चालक उतरून हातानं उपसतो, पुन्हा दहा पावलांवर तेच. उपाय पेरणी यंत्रात शोधू नये. हार्वेस्टरला मागे भुसा पसरवणारं उपकरण आहे का, हे कापणी ठरवतानाच विचारावं. नसेल तर ती पट्टी दाताळ्यानं पसरून घ्यावी किंवा जनावरांसाठी उचलावी. यंत्र घेताना फण एकाच रांगेत नसून पुढेमागे दोन-तीन रांगांत आहेत ना, हेही बघावं. एका रांगेत ३० सेंटीमीटरवर दाटीनं बसवलेले फण कुटाराला वाटच देत नाहीत.

आणखी एक खोड ओल्या कुटाराची. फाळाऐवजी चकतीनं चीर पाडणारं यंत्र असेल तर सकाळच्या दवात कुटार कापलं न जाता दुमडून चिरीत दाबलं जातं आणि बी त्या घडीत बसतं. मातीशी स्पर्श नाही, उगवण नाही. वरून रान पेरलेलं दिसतं. अशा वेळी दहा-साडेदहापर्यंत, कुटार कुरकुरीत होईपर्यंत थांबावं. भाड्याचा ट्रॅक्टर सकाळी सातला दारात उभा असतो, हीच अडचण.

काळ्या जमिनीचं वेगळंच. वाफसा यायच्या आत यंत्र घातलं की फाळ चिरीच्या भिंती घोटून चकचकीत करतो. चीर मिटत नाही, पुढे ऊन लागलं की काळी माती आकसते आणि नेमकी त्याच चिरीवर भेग पडते. बी उघडं पडून पक्षी आणि उंदरांचं होतं. चाचणी सोपी आहे. पेरायच्या खोलीवरची माती मुठीत दाबून लाडू करावा आणि कमरेच्या उंचीवरून सोडावा. फुटला तर पेरणी, चपटा झाला तर उद्या. जिरायती हरभरा सात-आठ सेंटीमीटर खोल जावा लागतो. सोयाबीनची पेरणी मात्र तीन-चार सेंटीमीटरवर, पाचच्या खाली तर कधीच नाही. खरिपात वापरलेलं यंत्र खोलीच्या त्याच खुंटीवर ठेवून रब्बीत हरभरा पेरला की बी कोरड्या मातीत राहतं. खोली शेडमध्ये ठरत नाही. रानात पन्नास फूट पेरून, हातानं माती उकरून, पट्टीनं मोजावी लागते, आणि तीही तीन-चार ओळींत, कारण ट्रॅक्टरच्या चाकामागचा फण दाबलेल्या जमिनीत वर उचलला जातो.

सगळ्यात जास्त पैसा बियाण्याच्या मापात वाया जातो आणि त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. यंत्रावर बियाण्याचं प्रमाण कमी-जास्त करणाऱ्या काट्यावर लिहिलेला आकडा कारखान्यातला असतो. माप आपण काढायचं. यंत्र जॅकवर उचलावं. जमिनीवर फिरणाऱ्या चाकाचा घेर दोरीनं मोजावा. समजा तो १.६ मीटर भरला आणि ३० सेंटीमीटरवर सात फण आहेत, म्हणजे पेरणीची रुंदी २.१ मीटर. चाकाला खडूची खूण करून २५ फेरे द्यावेत. म्हणजे यंत्र ४० मीटर चाललं, ८४ चौरस मीटर पेरलं, एकराचा साधारण ४८ वा भाग. एकरी २८ किलो हरभरा टाकायचा असेल तर सगळ्या नळ्यांना बांधलेल्या पिशव्यांत मिळून ५८० ग्रॅम यायला हवेत, प्रत्येकीत ८३ ग्रॅमच्या आसपास. एखाद्या पिशवीत ७० आणि दुसरीत ९५ असेल तर काटा हलवून उपयोग नाही. त्या नळीवरचा, बी मोजून सोडणारा खाचांचा रोलर झिजला आहे किंवा सरकला आहे, तो आधी बघावा. मग रानात जाऊन तेच २५ फेरे प्रत्यक्ष मोजावेत. ४० ऐवजी ४३ मीटर भरले तर चाक सात टक्के घसरतंय आणि बी तेवढंच कमी पडतंय. धसकटांच्या रानात चाक हटकून घसरतं, म्हणून थेट पेरणीत ही शेवटची पायरी गाळता येत नाही.

आणि २८ किलो तरी का? विजयसारख्या बारीक दाण्याच्या वाणाला ते ठीक. टपोऱ्या विशाल-दिग्विजयला विद्यापीठाची शिफारसच हेक्टरी १०० किलोची, म्हणजे एकरी ४०. काबुलीला त्याहून जास्त. वाण बदललं आणि काटा तोच राहिला की झाडांची संख्या कोसळते. सोयाबीनमध्ये उलटी गत होते. दुबार पेरणीच्या भीतीनं एकरी ३० किलोच्या वर बी ओतलं जातं, आणि सोयाबीनचं साल इतकं नाजूक की खाचांच्या रोलरमध्ये त्याच्या डाळी होतात. तिथे तिरप्या चकतीची पेटी चांगली. चकतीच्या घरात एक-एक दाणा बसतो, २२-२५ किलोत भागतं. फक्त वाणाच्या दाण्याप्रमाणे चकती बदलावी लागते आणि वेग आवरावा लागतो. वेग वाढला की घरं रिकामीच पुढे जातात.

खताबद्दल एवढंच, की बी आणि खत एका नळीतून सोडू नये. डीएपी बियाच्या दोन-तीन सेंटीमीटर खाली किंवा बाजूला. युरिया तर बियाजवळ नकोच. ट्रायकोडर्मा किलोला पाच ग्रॅम चोळायचा कंटाळा थेट पेरणीत महाग पडतो. न कुजलेला पाला वर आणि ओल खाली, अशा ठिकाणी हरभऱ्याची मानकुज बळावते.

थेट पेरणी सगळ्या रानांत चालत नाही, हे तिच्या समर्थकांनी आधी सांगितलं पाहिजे. ज्या रानात हरळी, कुंदा किंवा लव्हाळा माजला आहे तिथे आधी त्यांचा बंदोबस्त. हुमणीचं रान असेल तर उन्हाळी नांगरट लागतेच. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबाद (आताचं धाराशिव) भागात शंखी गोगलगायींनी उगवतं सोयाबीन फस्त केलं. तिथे आच्छादनाखालची सावली आणि ओल गोगलगायींना मानवते, हे विसरून चालणार नाही. वर्षानुवर्षं रोटा फिरलेल्या रानात १०-१२ सेंटीमीटरवर जो कडक थर बसलेला असतो, तो न फोडता थेट पेरणी सुरू केली तर मुळं आडवी पळतात आणि दोष पेरणीला मिळतो. अशा रानात एकदा भर उन्हाळ्यात, जमीन पूर्ण कोरडी असताना सबसॉयलर ४०-४५ सेंटीमीटर घालावा आणि मग नांगर ठेवून द्यावा. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी रुजवलेल्या पद्धतीतही गादीवाफे एकदाच करायचे आणि पुढे हलवायचे नाहीत, असाच क्रम आहे. शून्य मशागतीची सुरुवात कित्येकदा एका चांगल्या मशागतीनं होते.

हे सगळं वाचून लक्षात येईल की यातलं एकही काम यंत्र विकत घेतल्यानं होत नाही. माप काढणं, चकती बदलणं, वाफसा ओळखणं, वेग साडेचार किलोमीटरवर धरणं, ही चालकाची कामं आहेत. आणि चालकाला मजुरी मिळते एकरावर. तो सात-आठ किलोमीटरनं पळवणारच. हंगामाचे मोजकेच दिवस असतात, पुढचा शेतकरी बांधावर वाट बघत असतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. हिशेबच तसा मांडलेला आहे.

मालकीचा हिशेबही बघा. २०१५-१६ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातलं सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर, म्हणजे जेमतेम सव्वातीन एकर. दोन्ही हंगाम धरून यंत्र वर्षाला साडेसहा एकर चाललं. ८० हजारांच्या यंत्राची दहा वर्षांत झीज धरली तर वर्षाला आठ हजार, गुंतवणुकीवरचं व्याज चार हजार, फाळ, बेअरिंग, नळ्या यांचे चार हजार. सोळा हजारांना साडेसहानं भागलं की एकरी सुमारे अडीच हजार. अर्धं अनुदान मिळालं तरी झीज आणि व्याज निम्मं होऊन दीड हजाराच्या खाली येत नाही, आणि यात ट्रॅक्टर, डिझेल, चालक धरलेलेच नाहीत. जे काम गावात एकरी हजारात भाड्यानं होतं, त्यासाठी हा खर्च. आपल्याच घरचं यंत्र वेळेवर मिळतं हा फायदा खरा आहे, पण त्याची किंमत फार आहे.

तेच यंत्र भाड्यावर चाललं तर? २.१ मीटर रुंदी, साडेचार किलोमीटर वेग, बांधावरच्या वळणांत आणि बी भरण्यात जाणारा चाळीस टक्के वेळ वजा करून दिवसाला दहा-अकरा एकर. खरिपात पाच दिवस, रब्बीत दहा, म्हणजे वर्षाला दीडशे एकरांच्या पुढे. दुरुस्ती तिप्पट धरली तरी यंत्राचा बोजा एकरी दीड-पावणेदोनशे. वीस-पंचवीस शेतकऱ्यांमागे एक यंत्र, हे त्याचं खरं माप आहे.

खरेदीवर अनुदान ओतल्यानं काय होतं, हे पंजाबनं दाखवलं आहे. पेंढा व्यवस्थापनाच्या योजनेत २०१८ पासून व्यक्तींना ५० आणि गटांना ८० टक्के अनुदानावर यंत्रं वाटली गेली. २०२२ मध्ये राज्याच्या कृषी विभागानं पडताळणी केली तेव्हा नव्वद हजारांपैकी अकरा हजारांहून जास्त यंत्रं जागेवर सापडलीच नाहीत. जी सापडली त्यांतली हॅपी सीडर कित्येक ठिकाणी सुपर सीडर आल्यावर उभीच राहिली. पावती दाखवली की पैसे मिळतात, तिथे पावत्या तयार होणारच.

आपल्याकडे यंत्रामागे दिल्या जाणाऱ्या चाळीस हजारांत, शंभर एकरांच्या भाड्याच्या थेट पेरणीला एकरी चारशेची मदत देता येते. त्यातले दीडशे पेरणी झाल्यावर आणि अडीचशे विसाव्या दिवशी झाडं मोजल्यावर द्यावेत. मोजणीला तज्ज्ञ लागत नाही. ४५ सेंटीमीटरच्या ओळीत नऊ मीटर ओळ म्हणजे एकराचा हजारावा भाग, ३० सेंटीमीटरच्या ओळीत साडेतेरा मीटर. हरभऱ्याच्या दहा सेंटीमीटर अंतरानं तिथे १३५ झाडं हवीत. रानात पाच ठिकाणी मोजून सरासरी १०८ च्या वर असेल तर पेरणी ऐंशी टक्के साधली, उरलेले पैसे द्यावेत. चालकाचा हात वेगाच्या दांड्यावरून आपोआप मागे येईल.

यावर पहिला आक्षेप, पाऊस ताणला तर चालकाचा काय गुन्हा? बरोबर आहे. म्हणून आकडा शिवारातल्या नेहमीच्या पद्धतीनं पेरलेल्या दोन रानांशी ताडून बघावा. तिथेही उगवण पडली असेल तर पैसे कापू नयेत. दुसरा आक्षेप खोट्या मोजणीचा. ती होईल. पण ई-पीक पाहणीत २०२१ पासून शेतकरी उभ्या पिकाचा फोटो गट क्रमांकानिशी चढवतोच आहे. त्यातच दोरी टाकलेल्या ओळीचा फोटो मागता येतो, आणि शंभरातली पाच रानं जाऊन तपासता येतात. शेडमधलं यंत्र दाखवून दुसऱ्या दिवशी विकता येतं. उगवलेली ओळ दोन महिने रानातच असते. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: अनुदान नसेल तर पहिलं यंत्र घेणार कोण? गावातले ट्रॅक्टरवाले, शेतकरी उत्पादक कंपन्या, महिला बचत गट. त्यांना खरेदीसाठी अनुदानाऐवजी कमी व्याजाचं कर्ज आणि ठरावीक एकरांची हमी द्यावी. दीडशे एकरांची यादी हातात असेल तर ऐंशी हजारांचं यंत्र बँकेलाही जड वाटत नाही.

यासाठी नवं खातं, नवी इमारत काही नको. पोळा झाल्यावर आणि नवरात्राच्या आधी, सोयाबीन अजून रानात असताना, प्रत्येक मंडळात एक दिवस सगळी पेरणी यंत्रं एका मैदानात आणावीत. प्रत्येकाचं माप त्या हंगामाच्या वाणाप्रमाणे काढून काट्यावर रंगानं खूण करावी, झिजलेले रोलर आणि फाळ तिथेच बदलावेत, आणि माप न काढलेल्या यंत्राला त्या वर्षीच्या एकरी मदतीत घेऊ नये. लागणारं सामान म्हणजे एक जॅक, ग्रॅममध्ये मोजणारा तराजू, दोरी, खडू, पिशव्या आणि मेकॅनिक.